रक्ताचा कर्करोग : ऐकलेले आणि कळलेले

(तृतीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी)

आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस आपल्याकडे रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या हातात एक शहाळे असते आणि ओठांवर एक सल्ला असतो. शहाळे संपते, सल्ला मात्र घरात मुक्कामाला राहतो आणि रात्री सगळे निजले की डोके वर काढतो. आमच्या घरी असे सल्ले अडीच वर्षे येत राहिले. त्यांतले कोणते घ्यावेत आणि कोणते उंबऱ्याबाहेर ठेवावेत हे समजायला मला पुष्कळ वेळ लागला. त्यासाठी माझ्या हातून एक चूकही घडली. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हायचा नाही. पण तिच्याकडे क्रमाने येते.

जुलै २०२२ मध्ये मी या महाविद्यालयात प्रथम वर्षात दाखल झाले. धाकटा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा, चौथीत. महिनाभर त्याला अधूनमधून ताप येई. पाय दुखतात म्हणे; आम्ही म्हणू, हुंदडून दुखत असतील. चेहरा पांढुरका पडला होता. अशक्तपणा म्हणून टॉनिक झाले. पुढे दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि कुठे पडला-झडला नसताना मांड्यांवर काळेनिळे डाग दिसू लागले. तेव्हा आप्पा त्याला तालुक्याला घेऊन गेले. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ६, प्लेटलेट १८,०००. त्या दीड लाखाच्या वर असायला हव्यात. पांढऱ्या पेशी मात्र भलत्याच वाढलेल्या. तिथल्या डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर दोन इंग्रजी शब्द लिहिले आणि म्हणाले, "उद्याच्या उद्या मुंबईला न्या."

आप्पांनी चिठ्ठीच्या चार घड्या घालून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. आईने विचारले तर म्हणाले, "रक्त कमी झालंय." रात्री त्यांनी चिठ्ठी मला वाचायला दिली. ‘ॲक्यूट ल्युकेमिया’. मी बारावी पास झालेली, घरातली सर्वांत शिकलेली. तरी त्या दोन शब्दांतले मला काहीच ठाऊक नव्हते.

चित्रपटातला रोग

ठाऊक नव्हते म्हणणे तितकेसे खरे नाही. आमच्या गावात ‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे, कारण तो चित्रपटांतून आला आहे. १९७१ च्या ‘आनंद’मधल्या नायकाचा आजार हा पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगाचा एक प्रकार. १९७८ च्या ‘अखियों के झरोखों से’ची नायिका ल्युकेमियाने जाते. हे चित्रपट आजही दूरदर्शन संचावर लागतात आणि आमच्या आया-मावश्या डोळे पुसत पाहतात. चित्रपट वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. पण त्यांनी दोन समजुती पक्क्या करून ठेवल्या : ब्लड कॅन्सर हा एकच रोग आहे, आणि तो झाला की माणूस जातोच.

या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिली चूक तर इतकी महत्त्वाची आहे की या लेखातून वाचकांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती हीच ठेवावी.

आधी नाव विचारा

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. खेड्यात तिला हाडातला मगज म्हणतात. रक्ताचा कारखाना तो. प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तिथेच तयार होतात. या कारखान्यात एखाद्या जातीच्या अर्धवट वाढलेल्या पेशी बेसुमार माजल्या की चांगल्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या कमी झाल्या म्हणून भाऊ पांढुरका पडला, प्लेटलेट कमी झाल्या म्हणून डाग उठले, आणि पांढऱ्या पुष्कळ असूनही बिनकामाच्या, म्हणून ताप हटेना. मज्जा आतून ठासून भरली म्हणून पाय दुखत होते. आम्ही ज्यांना चार वेगळी दुखणी समजत होतो, ते एकच दुखणे होते.

परंतु माजणारी पेशी कोणती आणि ती किती वेगाने माजते यावर रोगाचे नाव ठरते. ल्युकेमिया वेगळा, लिम्फोमा वेगळा, मायलोमा वेगळा. ल्युकेमियातही झपाट्याने वाढणारे आणि सावकाश वाढणारे प्रकार आहेत, आणि त्यांच्याही पोटजाती आहेत. एकाला वर्षानुवर्षे गोळी घेऊन ताब्यात ठेवता येते. एकावर चक्क आर्सेनिकपासून, म्हणजे आपल्या सोमलापासून केलेले औषध शिरेतून देतात, आणि त्या प्रकाराचे पुष्कळ रोगी बरे होतात. तेच औषध दुसऱ्या प्रकारात निरुपयोगी.

परळच्या टाटा रुग्णालयात कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली, तेव्हा भावाच्या रोगाचे पूर्ण नाव कळले : ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बी पेशींचा. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. तिथल्या डॉक्टरबाईंनी आप्पांना समोर बसवून मराठीत सांगितले, "नाव मोठं आहे, पण मुलांच्या कर्करोगांत बऱ्या होणाऱ्यांपैकी हा एक आहे. उपचार अडीच वर्षं चालतील. मधे सोडायचे नाहीत." श्रीमंत देशांत आज या रोगाची दहातली जवळजवळ नऊ मुले वाचतात. आपल्याकडे प्रमाण तेवढे नाही. उशिरा येणे, जंतुसंसर्ग आणि उपचार अर्धवट सोडणे ही त्याची मोठी कारणे आहेत. तिसऱ्या कारणाचा अनुभव आम्हीही घेणार होतो.

मी त्या दिवशी दोनशे पानी वही विकत घेतली आणि पहिल्या पानावर ते लांबलचक नाव लिहिले. पुढे कोणीही सल्ला दिला की मी आधी ते पान उघडू लागले. सल्ला या नावाच्या रोगाबद्दल आहे काय? पुष्कळ सल्ले तेवढ्यानेच गळून पडत.

अर्धे खरे

पहिल्याच आठवड्यात आमच्या फोनवर एकच निरोप सात जणांनी पाठवला. ‘इमिटिनेफ मर्सिलेट’ नावाचे औषध रक्ताचा कर्करोग बरा करते, चेन्नईच्या अड्यार येथील कर्करोग संस्थेत ते फुकट मिळते, पुढे पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल. आमच्या मामांनी तर चेन्नईच्या गाडीची चौकशीही केली.

हा निरोप कित्येक वर्षे देशभर फिरतो आहे. अड्यारची संस्था खरी आहे, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नाने ती १९५४ साली उभी राहिली. औषधही आहे, पण त्याचे नाव मोडतोड होऊन आले आहे. खरे नाव इमॅटिनिब मेसिलेट. त्याची हकिगत मोठी आहे. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील दोन संशोधकांना सावकाश वाढणाऱ्या एका ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र सापडले. १९७३ साली जॅनेट राऊली यांनी दाखवले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ते बनते. त्या दोषामुळे तयार होणारे घातक प्रथिन नेमके अडवणारी गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. भारतात तिच्या पेटंटवरून मोठा खटला चालला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था त्यात रुग्णांच्या बाजूने उभी होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला, आणि भारतीय कंपन्यांनी केलेली स्वस्त गोळी रुग्णांना मिळत राहिली.

म्हणजे औषध खरे आणि गुणही खरा. मात्र तो मुख्यतः ज्यांच्या पेशींत तो विशिष्ट दोष आहे त्यांच्यापुरता. माझ्या भावाच्या पेशींत तो दोष आहे का, हे डॉक्टरांनी आधीच तपासले होते. नव्हता. निरोप पाठवणाऱ्या सातही जणांचे आमच्यावर प्रेम होते, पण एकानेही विचारले नव्हते की रोगाचे नाव काय.

असेच दुसरे : "मगज बदलावा लागतो, त्याशिवाय हा रोग हटत नाही." मज्जारोपण आपल्या देशात १९८३ साली टाटा रुग्णालयातच डॉ. सुरेश अडवाणी यांनी सुरू केले. आज ते अनेक ठिकाणी होते. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याचा संभव चारात एक. मी माझे रक्त तपासा म्हणून हट्ट धरून बसले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषधांना तो चांगला प्रतिसाद देतोय. ज्याची गरज नाही ते करायचं नसतं." तिसरे, २०२३ च्या ऑक्टोबरात आले : रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, सुधारून परत देण्याची नवी पद्धत मंजूर झाली. मुंबईच्या आय.आय.टी. व टाटा रुग्णालयातील संशोधकांचे ते काम, अभिमानाचेच. पण ती मंजुरी रोग उलटलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी, आणि तीही पंधरा वर्षांवरील.

निखळ खोटे ओळखणे सोपे असते. "अमावास्येला उतारा टाका" म्हणणाऱ्या बाईला माझी आजीसुद्धा हसली. फसवते ते अर्धे खरे. मला त्यानेच फसवले.

माझी चूक

ऑक्टोबर २०२२. पहिल्या महिन्याचे जबर उपचार संपून पुढचा टप्पा चालू होता आणि भाऊ दोन आठवड्यांसाठी घरी आला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सदाफुलीच्या पानांनी रक्ताचा कर्करोग जातो. पेपरात आलं होतं." मी हसण्यावारी नेले नाही. मी शिकलेली, शोध घेतला. आणि काय आश्चर्य! भावाला आठवड्याला शिरेतून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध खरोखरच सदाफुलीपासून काढलेले होते.

सदाफुली मूळची मादागास्करची. जमैका बेटात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. ती पाने १९५०च्या दशकात कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. उंदरांना अर्क दिला. साखर काही उतरली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. पाहतात तो त्यांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या. ज्या पदार्थाने पांढऱ्या पेशी मरतात, त्याने पांढऱ्या पेशींचा कर्करोग का मरू नये? या विचारातून नोबल व चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन वेगळे काढले. पुढे अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन सापडले आणि १९६३ साली मंजूर झाले.

हे सारे मी वाचले, आणि मला वाटले, सुई टोचली की पोर कळवळते. तेच औषध आपल्या अंगणात फुलले आहे. चार दिवस पहाटे उठून मी पाने उकळली आणि गूळ घालून त्याला पाजली. आईला सांगितले नाही. एका अंगी मला स्वतःच्या हुशारीचा अभिमानही वाटत होता.

तिसऱ्या दिवशी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी ताप १०१. रात्रीच्या एस.टी.ने मुंबई गाठली. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. नऊ दिवस तो शिरेतून प्रतिजैविके घेत पडून होता, आणि औषधांचा पुढचा हप्ता लांबला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना सगळे सांगितले. मला वाटले होते त्या रागावतील. त्यांनी किती पाने, किती पाणी, कोणते दिवस हे विचारून कागदावर नोंदले. मग म्हणाल्या, "पेशी आमच्या औषधानंही उतरतात. या वेळी त्या तुमच्या काढ्यानं उतरल्या की आमच्या औषधानं, हे मला सांगता येणार नाही. म्हणूनच तो द्यायचा नाही."

हे उत्तर मी पुष्कळदा आठवते. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर व्हिन्क्रिस्टिन निघते. भावाला एका वेळी दिले जाणारे औषध मोहरीच्या दाण्याच्या वजनाच्या आसपास, तेही त्याची उंची नि वजन मोजून. पानात त्याच्याबरोबर आणखी कितीतरी द्रव्ये असतात. कोणते किती, कोणालाच ठाऊक नसते. वनस्पतीपासून औषध झाले हे खरे. पण ती वनस्पती आणि ते औषध यांच्यामध्ये मोजमापाची जी वर्षे गेली, ती मी चार पहाटेंत ओलांडू पाहत होते. आजही मला माहीत नाही की तो ताप माझ्यामुळे आला की नाही. माहीत होणारही नाही.

म्हणून वहीत दुसरा नियम लिहिला : घरात जे काही द्यायचे, ते आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगायचे, दिले असेल तर लपवायचे नाही.

हरळी

२०२३ च्या उन्हाळ्यात भावाच्या डोक्यावर केस उगवले, गाल भरले. आता फक्त गोळ्या उरल्या होत्या : एक रोजची, एक आठवड्याची, आणि ठरावीक दिवसांनी मुंबईची खेप. आठवड्याची गोळी मेथोट्रेक्सेट. हिच्या मुळाशी आपल्या आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बराव आहेत. अमेरिकेत त्यांच्या चमूने तयार केलेल्या अमिनोप्टेरिन या द्रव्याने १९४८ साली सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना प्रथमच काही काळ आराम पडल्याचे दाखवले. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. सुब्बराव त्याच वर्षी वारले. आपल्याकडे त्यांचे नाव किती जणांना माहीत आहे?

तर, भाऊ खेळू लागला आणि थोरले चुलते, आमचे तात्या, एके संध्याकाळी येऊन बसले. दीड एकर ऊस, त्यावर कर्ज, प्रत्येक खेपेला दोघांची मजुरी बुडते. त्यांचे म्हणणे वैऱ्याचे नव्हते. "पोरगं खडखडीत झालंया. आता कशापायी त्येला सुया टोचत बसायचं? त्यो घाटाखालचा बाबा एकवीस दिसांत मुळासकट काढतोय म्हणं. पाटीच लावलीया त्यानं."

मी वही आणली. रोग सापडतो तेव्हा अंगात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असतात. महिनाभराच्या औषधांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा होतात, तरी एक हजार कोटीपर्यंत लपून असू शकतात. अडीच वर्षे गोळ्या द्यायच्या त्या या लपलेल्यांसाठी. डॉक्टर याला ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, ‘रोग मागे हटला’ म्हणतात. आणि पाटीविषयी म्हणाल तर कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणे हा १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पाटी लावली, यातच तो कसा आहे ते कळते.

तात्यांना कोटींचे आकडे पटले नाहीत. ते आप्पांकडे बघत राहिले. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तात्या, रानात हरळी वरनं खुरपली म्हंजी गेली का?"

तात्या उठले. जाताना म्हणाले, "न्हाई जात." पुढच्या खेपेला एस.टी. स्टँडवर सोडायला तेच आले आणि आप्पांच्या हातात हजार रुपये ठेवून गेले. मी दहा पाने लिहून जे समजावू शकले नाही, ते आप्पांनी एका वाक्यात सांगितले. माहिती खरी असून भागत नाही. ती ऐकणाऱ्याच्या रानातून यावी लागते.

कोणाला काय विचारावे

मुंबईत गेल्यावर पहिला प्रश्न राहायचे कुठे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी आजवर असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. कर्करोगाच्या लहान मुलांसाठी सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून मोफत निवासाची सोय करते. हे आम्हाला कोणी सांगितले? रुग्णालयातल्या समाजसेविकाबाईंनी. मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो आणि तिथे जायला पैसे पडत नाहीत, हे अनेकांना माहीतच नसते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे, विश्वस्त निधींकडचे अर्ज, सारे त्यांनी करून घेतले. शिधापत्रिका, आधार आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या पाच-पाच प्रती जवळ ठेवा, हा त्यांचा सल्ला मी सर्वांना देते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान वर्गात भाडे पडत नाही, सोबत्यालाही मोठी सवलत असते. त्यासाठी डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एस.टी.तही सवलत आहे. आणि प्रत्येक वेळी मुंबईच गाठायला हवी असेही नाही. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात देशभरातील रुग्णालये जोडली गेली आहेत. आपल्या जवळ त्यांतले कोणते, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

दुसरा आधार मिळाला तो आमच्यासारख्याच लोकांकडून. मुक्कामाच्या जागी नांदेडकडच्या एक ताई होत्या. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला हाच रोग, दुसरे वर्ष चालू. सासरचे म्हणत, मुलीच्या जातीवर एवढा खर्च कशाला? ताई एकट्या तिला घेऊन राहिल्या होत्या. त्यांनी आईला शिकवले : उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, तोंड आले तर मऊ भात, आणि ताप शंभराच्या वर गेला की सकाळची वाट बघायची नाही, गोळी देऊन झाकायचा नाही, थेट रुग्णालय. आई त्यांच्यापाशी पहिल्यांदा मोकळेपणी रडली. आमच्यापाशी ती कधी रडली नव्हती.

पण याच ताईंनी एकदा प्रेमाने सांगितले, "माझ्या पोरीला अमुक गोळी अर्धीच देतात, तुम्ही पुरी कशाला देता?" रोगाचे नाव एकच असले तरी वजन वेगळे, रक्ताचा अहवाल वेगळा. तेव्हा वहीत तिसरा नियम आला : औषधाचे डॉक्टरांना विचारावे, पैशाचे समाजसेविकेला, आणि दिवस कसे काढायचे ते त्यातून गेलेल्याला. ज्याला जे ठाऊक आहे तेच त्याला विचारले, तर कोणीच वाईट सल्लागार नसतो.

तिसरा आधार या महाविद्यालयाचा. भावाला प्लेटलेट लागत होत्या. त्या पाच दिवसांहून अधिक टिकत नाहीत, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत. माणूसच हवा असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या सरांना मी संकोचत फोन केला. दुसऱ्या रात्री नऊ विद्यार्थी एस.टी.ने मुंबईला निघाले. त्यांतल्या तिघी मुली. पैकी दोघींचे हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरले म्हणून त्यांना परत पाठवले. त्या दोघी रडल्या. चौघांच्या प्लेटलेट घेतल्या, बाकीच्यांनी रक्त दिले. दोन पाळ्यांचे जागरण करून सगळे परत येऊन सकाळच्या तासाला बसले. माझी हजेरी भरत नव्हती तेव्हा प्राध्यापकांनी घरी टिपणे पाठवली. त्यांची नावे लिहू नयेत असे त्यांनीच सांगितले आहे.

आणि एक गोष्ट गावकऱ्यांसाठी. सुरुवातीला शेजारची मुले भावाजवळ येत नसत. आया ओढून नेत. हा रोग स्पर्शाने, उष्ट्याने, श्वासाने लागत नाही. उलट तुमच्या मुलांची सर्दी, गोवर, कांजिण्या त्याला बाधतात. जपायचे असेल तर त्याला जपा.

शेवटी

भावाची शेवटची गोळी जानेवारी २०२५ मध्ये झाली. त्याला ‘बरा झाला’ म्हणायला अजून काही वर्षे जावी लागतील; तोवर ठरलेल्या तारखांना तपासणी आहे. तो आता बारा वर्षांचा होईल. एक वर्ष मागे पडला, पण क्रिकेटमध्ये कोणाला ऐकत नाही. नांदेडच्या ताईंच्या मुलीचा रोग मधे उलटला आणि ती गेली. हे लिहू नये असे मला वाटत होते. पण खऱ्या माहितीवर लेख लिहायचा आणि एवढी गोष्ट झाकायची, हे जमले नाही. ताई अजून आईला फोन करतात आणि आधी भावाचीच चौकशी करतात.

मित्रहो, तुमच्या घरी अशी चिठ्ठी कधी येऊ नये. आलीच, तर चार घड्या घालून खिशात ठेवू नका. रोगाचे पूर्ण नाव लिहून घ्या. सांगणाऱ्याला विचारा की हे याच नावाच्या रोगाबद्दल आहे ना, आणि सांगण्यात त्याचा काही लाभ आहे का. वाचलेले डॉक्टरांसमोर ठेवा. शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या, चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. आणि एकटे राहू नका.

आपल्या महाविद्यालयात दरवर्षी रक्तदान शिबिर होते. मुलींनी त्याआधी महिनाभर तरी आपले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे एवढी विनंती आहे. माझ्या वहीची एक प्रत ग्रंथपालांकडे ठेवली आहे. लागेल त्याने मागून न्यावी. सदाफुलीचे पानही त्यात आहे, माझी चूक जशीच्या तशी लिहून.